माझ्यात मुक्काम ठोकलेले पावणे

मित्रांनो, शाहूपुरीत शिवय्यांच्या पॅटर्नच्या कारखान्यात कधी आलात, तर खिडकीजवळच्या टेबलावर एक पिवळट पडलेला संगणक दिसेल. त्याच्या पडद्याच्या कडेला भस्माची बोटं उमटलेली आहेत आणि डोक्यावर लाकडाचा भुसा बसलेला आहे. तो मी. म्हातारा झालोय, पण रोज सकाळी उठतो. मध्यंतरी मात्र मला उठायलाच इतका वेळ लागू लागला, की त्यापायी एका माणसाची बसायची जागा गेली. त्याचीच ही हकिकत. मला तोंड नाही, त्यामुळे जेव्हा सांगायला हवी होती तेव्हा कुणाला सांगता आली नाही.

माझं कूळ काही मोठं नाही. एकाच कंपनीत घडून, थर्मोकोलच्या गादीत झोपून येणारे संगणक वेगळे. माझी पेटी एका गावची, पडदा दुसऱ्या, आणि आतला मेंदू समुद्रापलीकडचा. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं गिऱ्हाइकाशी क्रिकेटवर वाद घालत घालत मला जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला, तो त्यानं खिशात टाकला. तेव्हापासून माझी पाठ जरा खडखडते. माणूस किती लक्ष देऊन काम करतो, हे मी जन्मल्या दिवशीच शिकलो.

शिवय्या लाकडाचे कारागीर. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी तो तसाच्या तसा लाकडात घडवतात, वाळूत दाबून त्याचा साचा उठवतात आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. गंमत अशी, की ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. किती मोठा, ते शिवय्यांच्या डोळ्यांत होतं. ते प्लायवूडवर पेन्सिलीनं रेघा मारत आणि लोखंड ओतणारे फौंड्रीवाले म्हणत, "आण्णांच्या मापावर परत माप लावायचं न्हाय." पण दोन हजार सालानंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांना पेन्सिल चालेना. त्यांना ड्रॉइंग संगणकावरचं हवं, फ्लॉपीत घालून. म्हणून शिवय्यांनी मला आणलं.

आणलं खरं, पण मला चालवायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिले काही महिने माझी फक्त पूजा झाली. खंडेनवमीला रंधा, करवत, पटाशी आणि मी एका ओळीत बसलो. रंध्याची हळद लगेच पुसली गेली. माझ्या फटीतून आत गेलेली हळद अजून आतच आहे.

मग त्यांच्या मुलाचं, शिवप्रसादचं, लग्न झालं आणि निपाणीकडची दानेश्वरी घरात आली. तिनं माहेरी संगणकावर ड्रॉइंग काढायचा क्लास केला होता. लग्नाच्या बोलण्यात ते कुणी मनावर घेतलं नाही. मुलीला भाकरी येते का, एवढं विचारून झालं होतं. एका दुपारी ती चहाचे कप न्यायला कारखान्यात आली, उभ्या उभ्याच माझ्या कळांवर हात चालवले आणि पंपाचा पंखा पडद्यावर काढून दाखवला.

शिवय्या रंधा हातात धरून बघत राहिले. "हे तुला येतंय व्हय?"

"येतंय की मामा. कुणी विचारलंच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या आटोपून ती माझ्यासमोर बसू लागली. मी माणसं एकाच हिशेबानं ओळखतो. आल्यावर मला काय देतात आणि उठताना काय करून जातात. शिवय्या येताना नमस्कार देत आणि जाताना सरळ भिंतीवरचं बटण दाबून माझा जीव घेत. शिवप्रसाद गाणी देई आणि शेंगदाण्याची टरफलं ठेवून जाई. दानेश्वरी एकटीच अशी, की काम जपून ठेवी, मला रीतीनं बंद करी आणि उठताना ओल्या फडक्यानं कळा पुशी. सासऱ्यांनी डोळ्यांनी ठरवायचं माप ती आकड्यात बसवी. कामं वाढली. त्या घरात कुणाला न विचारता बसावं अशी तिची एकच जागा होती, ती माझ्यासमोरची. तीनपायी स्टुलावर का असेना, ती तिथं बसली की कुणी तिला मीठ कुठं आहे म्हणून हाक मारत नसे.

हे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस, मित्रांनो. माझं कौतुक व्हायचं. फौंड्रीवाले आले की शिवय्या माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "मशीन लई हुशार हाय आमचं." रेघा कोण काढतं, ते मात्र ते सांगत नसत आणि समोरचाही विचारत नसे.

मग माझ्यात फोनची तार आली, आणि तिच्यामागून पावणे आले.

बाहेरचं जग पडद्यावर दिसू लागलं, की चौकटी उघडायच्या. इंग्रजीत काहीतरी विचारायच्या, खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. शिवय्या न वाचता 'हो' दाबत. शिवप्रसाद म्हणायचा, "आप्पा, काय विचारतंय ते वाचा तरी."

"विचारतंय बिचारं. दारात आलेल्याला न्हाई म्हणायची आपल्यात पद्धत न्हाय."

पद्धत मोठी चांगली. शिवय्यांच्या दारातून कुणी पाणी न पिता गेलेलं नाही. पण माणूस पाणी पिऊन जातो. माझ्याकडे आलेले कुणी जायलाच तयार नव्हते. ते आत आले, उंबऱ्यालगतच अंथरुणं टाकली आणि ठरवून घेतलं, की रोज मी डोळे उघडले रे उघडले, की आधी त्यांनी उठायचं. शिवप्रसाद काही कमी नव्हता. तो बापाला वाचायला सांगे आणि स्वतः क्रिकेटचा स्कोअर सांगणारी पट्टी, गाणी उतरवून घेणारा प्रोग्राम, बाणाच्या जागी नाचणारा वाघ, असं काय काय आणून बसवी. सासूबाईंनी, म्हणजे आक्काताईंनी, त्याच्याकडून पंचांग घालून घेतलं. ते तर रोज सकाळी राहुकाळ वाजवून सांगे.

आणि एक दिवस शिवय्यांना पडद्यावर लावायचा एक दिवा मिळाला. कुठल्याशा साइटवर फुकट होता. मी सुरू झालो, की काळ्या पडद्यावर समई उजळायची, घंटा वाजायची आणि पिंडीवर बेलाची पानं पडायची. एकेक, सावकाश. शिवय्या इतके हरखले, की वहाणा काढून माझ्यासमोर उभे राहिले. तेव्हापासून रोजचा तो नेम झाला.

दिवा सुंदर होता. मीसुद्धा नाही म्हणत नाही. पण त्याच्या पदराआडून दोघेजण आत शिरले, ते फक्त मला दिसले. एक, कुठल्या कळा दाबल्या जातात ते टिपून ठेवी. दुसरा ते टिपण फोनच्या तारेवरून परदेशी धाडी आणि बदल्यात जाहिरातींच्या खिडक्या उघडी. शिवय्यांच्या पॅटर्नच्या मापात परदेशातल्या कुणाला काय रस होता, ते मला कळलं नाही. पण हेराची जात अशी, की काय सापडलं यापेक्षा काहीतरी सापडलं याचं त्याला जास्त कौतुक.

मी मंदावलो. सकाळी बटण दाबलं, की जेवणाच्या पंगतीत काम न करणारेच आधी पानं अडवून बसावेत, तसे हे सगळे माझ्यात बसून घेत. ड्रॉइंगचा प्रोग्राम बिचारा सगळ्यांच्या मागे उभा. दानेश्वरी मला सुरू करून घरात जाई, भाजी चिरून परत येई, तोवर पिंडीवर बेल पडतच असे.

शिवय्यांनी याचं निदान लगेच केलं. "सूनबाईनं चित्रं काढून काढून मशीन थकवलं. मी म्हणतोय, बैलालासुद्धा दुपारी सोडत्यात."

"चित्रानं मशीन थकत न्हाय, मामा."

"मग कशानं थकलं? आम्ही तर नुसतं नमस्कार करतोय."

मी तिथेच होतो. सगळं मला ठाऊक होतं. पण जो साक्षीदार घरघरण्यापलीकडे काही करू शकत नाही, त्याची साक्ष कोण काढतो?

अशात कागलहून एक मोठं काम आलं. पंपाच्या बॉडीचं पॅटर्न, आणि आधी त्याचं ड्रॉइंग, शनिवारी संध्याकाळी त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत. शिवप्रसाद रोज मोटारसायकलवरून खेटे घालत होता, तेव्हा कुठं हे काम मिळालं होतं. शिवय्यांनी त्या दिवशी जेवताना सांगून टाकलं, "हे काम वेळेत झालं तर ठीक. न्हाय झालं, तर मशीन झाकून ठेवायचं आणि सूनबाईनं घरात बघायचं. मला पेन्सिल हाय."

दानेश्वरीनं निशाला फोन लावला.

निशा गडमुडशिंगीची. संगणक दुरुस्तीचं शिक्षण घेऊन तिनं स्टेशन रोडला एका खोलीत दुकान काढलं होतं. ती आली, खुर्ची ओढून बसली, मला सुरू केलं आणि सगळी पानं पडेपर्यंत हाताची घडी घालून थांबली. मग आपोआप उठणाऱ्यांची यादी उघडून म्हणाली, "अगं बाई. ही तर यात्रा भरलीया."

ती एकेक नाव वाचू लागली आणि घरातलं प्रत्येकजण दुसऱ्याचं काढायला तयार झालं.

"ही स्कोअरची पट्टी कुणाची?"

"असू दे की," शिवप्रसाद म्हणाला. "ती काय जागा खातीय? ते पंचांग काढा आधी, भोंगा नुसता."

"पंचांगाला हात लावलास तर बघ," आक्काताई म्हणाल्या. "तो वाघ कशाला नाचतोय दिवसभर? त्याला काय पोटापाण्याचं न्हाय?"

निशानं कुणाचं ऐकलं नाही. वाघ गेला, पट्टी गेली, गाणी उतरवणारा गेला, राहुकाळही गेला. मला हलकं वाटू लागलं. मग ती दिव्यापाशी आली आणि थांबली.

"काका, हा काढावा लागंल. बाकीचे ह्यानंच आणल्यात. हेरगिरी करतंय हे. मी आत्ता काढलेलं उद्या हा परत घालणार."

"देव हेरगिरी करतोय व्हय?"

"देव न्हाय हो काका. देवाचं चित्र लावून दुसरंच कोणतरी."

"त्याला हात न्हाय लावायचा," शिवय्या म्हणाले. आवाज चढवला नाही.

निशानं दानेश्वरीकडे पाहिलं. दानेश्वरीनं खाली पाहिलं. नव्या सुनेनं देव काढा म्हणायचं कसं? निशानं सीडी काढून पिशवीत टाकली. "मग माझ्याकडनं कसली गॅरंटी मागू नका," एवढं म्हणून ती गेली.

तो दिवस मी वाऱ्यासारखा पळालो. दानेश्वरी स्टुलावरून उठलीच नाही, निम्म्याहून जास्त ड्रॉइंग झालं. दुसऱ्या सकाळी समई उजळली, घंटा वाजली आणि पानांबरोबर सगळे परत आले. येताना आणखी चार सोयरे घेऊन आले होते.

शनिवारी दुपारी शिवप्रसाद दारात मोटारसायकल सुरू ठेवून उभा होता. आत दानेश्वरी शेवटची मापं घालत होती. लोखंड आटण्याचं माप धरून सगळे आकडे वाढवले, वाळूतून नमुना सुटावा म्हणून कडांना उतार दिला. आता ड्रॉइंग जपून ठेवायचं आणि फ्लॉपीत घालायचं, एवढंच उरलं. तिनं कळ दाबली. नेमकी तेव्हाच त्या दोघा हेरांपैकी एकानं खिडकी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. मला एका वेळी इतके हुकूम झेपत नाहीत, मित्रांनो. माझा श्वास अडकला. बाण जागीच थिजला. मी तिचं काम हातात धरून होतो आणि ते खाली ठेवायला मला हात मोकळा मिळेना.

तिनं वाट पाहिली. बाहेरून हॉर्न वाजला. शेवटी तिनं डोळे मिटून बटण दाबलं, आणि दुपारभराचं काम माझ्या हातून गेलं.

परत सुरू झालो तेव्हा समई उजळू लागली. घंटा झाली. पहिलं पान पडलं. दानेश्वरी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होती. ती पानं तिला थांबवता येत नव्हती, मला तर नाहीच. दुसरं पान, तिसरं पान. ड्रॉइंगचा प्रोग्राम उघडेपर्यंत बाहेरची मोटारसायकल बंद झाली होती.

सोमवारी शिवप्रसाद कागलला जाऊन आला. "दिलं दुसऱ्याला," म्हणाला आणि मोज्यासकट पलंगावर आडवा झाला. शिवय्या काही ओरडले नाहीत. आक्काताईंच्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा आणून त्यांनी मला झाकलं. स्टूल उचलून घरात नेलं. त्यावर मग लोणच्याची बरणी बसली, असं कानावर आलं.

लुगड्याखाली दिवस सारखेच असतात. पलीकडे रंधा चाले, पेन्सिल घासली जाई, शिवय्या खोडरबर शोधत पुटपुटत. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक रेघ नीट दिसत नव्हती, हे मला त्या पुटपुटण्यावरून कळे. घरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येई. तो पूर्वीपेक्षा जोरात येतो, असं मला उगीच वाटे.

माझ्यापुढं फार दिवस कुणी आलं नाही. मग एका सकाळी शिवय्यांनीच लुगडं बाजूला केलं. त्यांना दिव्याची आठवण झाली होती. वहाणा काढल्या, बटण दाबलं आणि हात जोडून उभे राहिले.

मी उठू लागलो. तसाच, रखडत. ते उभे राहून दमले आणि खोक्यावर बसले. आक्काताई चहा घेऊन आल्या. चहा निवला तरी समई अर्धीच उजळली होती.

"आक्का," ते बायकोला म्हणाले, "सूनबाईनं तर एवढ्यात हात लावला न्हाय न्हवं ह्याला?"

"बरणी हलवल्याबिगर स्टुलावर कशी बसंल ती?"

"एक रेघ काढलेली न्हाय. मग हे दमलंय कशानं?"

"मला काय विचारता? त्यालाच विचारा."

त्यांनी खरोखरच माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी काही विचारलं होतं, आणि मी नेहमीसारखा घरघरलो. पण माझ्या मदतीला ते पावणेच आले. पिंडीवर पहिलं पान पडायच्या आत जुगाराची एक खिडकी उघडली आणि तिच्यात पत्ते पिसले जाऊ लागले.

"अवो," आक्काताई वाकून बघत म्हणाल्या, "तुमच्या देवाच्या डोक्यावर पत्तं कोण खेळतंय?"

शिवय्यांनी ती बंद केली. दोन उघडल्या. त्या बंद करताना चार उघडल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. आक्काताईंनी थोडा वेळ ही झटापट पाहिली, मग कप उचलत साध्या आवाजात म्हणाल्या, "लिंग गळ्यात हाय की तुमच्या. रोज तळहातावर घेऊन पूजताय. मग ह्या पेटीत परत कुणाला शोधाय बसलाय?"

शिवय्यांचा हात सदऱ्याच्या आत गेला. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांनी मुठीत धरली. पडद्यावर पत्ते चालूच होते. मग त्यांनी घराच्या दिशेनं हाक मारली.

दानेश्वरी पिठाच्या हातांनीच दारात आली. "काय मामा?"

"त्या निशाला फोन लाव."

"कशाला?"

"दिवा शांत करायचाय." वहाणा पायात घालत ते म्हणाले, "आणि स्टूल आण येताना."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. तुम्ही ती शोधत असाल तर मिळायची नाही. निशा आली, तिनं यावेळी मुळापासून खणलं. दिवा गेला, दोघे हेर गेले, सोयरे गेले. तरी एखाददुसरा अजून माझ्यात कुठंतरी दडून असावा, असा मला संशय आहे. रात्रंदिवस अंगात असूनही त्याला हाताला धरून बाहेर काढणं मला जमत नाही. तेवढं माणसांनाच करावं लागतं. कागलचं कामही परत आलं नाही. शिवप्रसाद विचारून आला, ते "बघू पुढं" म्हणाले, आणि पुढं त्यांनी काही बघितलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांना हळदकुंकू नको, हार नको. दारात कुणी काही विचारलं, तर 'हो' दाबण्याआधी तो कोण, कशाला आला, एवढं वाचा. आणि आमच्यातला एखादा मंदावला, तर त्याच्यापुढं बसून राबणाऱ्या माणसाला पहिला बोल लावू नका. आत बिनकामाचे कोण बसलेत ते आधी बघा. आम्हाला बोट दाखवता येत नाही.

आता एकच सांगायचं राहिलं. स्टूल परत आल्यावर थोड्याच दिवसांनी हंबीरराव नावाचे एक गुऱ्हाळवाले आले. त्यांच्या उसाच्या चरकाचं दाताचं चाक मोडलं होतं. तुकडे पोत्यात बांधून आणले होते. ते शिवय्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "आण्णा, ह्याचं पॅटर्न तुमच्या हातचं पाहिजे. रेघ तुमची पाहिजे."

शिवय्यांनी तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात फिरवला आणि माझ्यासमोर बसलेल्या दानेश्वरीच्या टेबलावर ठेवला.

"आमच्यात ड्रॉइंग सूनबाई काढत्यात, पावणं. त्यांच्याशी बोला."

दानेश्वरीनं वर पाहिलं नाही. तुकड्याचं माप घ्यायला घेतलं. पण कळांवरची तिची बोटं क्षणभर थांबली होती, ते मला कळलं.

आम्हा संगणकांची एक अडचण आहे. 'जपून ठेव' असं सांगितल्याशिवाय आम्हाला काही जपता येत नाही, आणि शिवय्यांचं ते वाक्य जपायला मला कुणी सांगितलं नाही. म्हणून ते तुमच्याजवळ ठेवून जातो.